विमा नसलेल्याने ठोकलं तर आपलं काय? अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी

अमेरिकेत नवीन आलेल्या कुणालाही विचारा, कार इन्शुरन्स कसा निवडलास, तर दहातले नऊ जण सांगतात सगळ्यात स्वस्त जो मिळाला तो घेतला. आणि त्यात त्यांचं काही फार चुकतं असंही नाही, कारण आल्या आल्या क्रेडिट हिस्टरी नाही, इथला ड्रायव्हिंगचा रेकॉर्ड नाही, त्यामुळे कोट (म्हणजे विम्याची सांगितलेली किंमत) आधीच डोळे पांढरे करणारा येतो आणि मग माणूस त्या वेबसाइटवर जे जे काढता येईल ते काढत सुटतो. रोडसाइड असिस्टन्स काढला, रेंटल काढलं, आणि मग ते एक 'अनइन्शुर्ड मोटरिस्ट' नावाचं काहीतरी दिसतं, त्याचं बोट तिथे क्षणभर थांबतं आणि डोक्यात येतं की अरे, माझा तर इन्शुरन्स आहे की, मी कुठे अनइन्शुर्ड आहे. टिक काढली. पुढे.

तर आज फक्त त्या एका टिकबद्दल लिहितोय. कारण माझ्या मते आख्ख्या पॉलिसीत तुमच्या स्वतःच्या हाडामांसासाठी असलेला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे आणि नेमका तोच लोक सगळ्यात आधी उडवतात.

घोळ होतो तो तिकडच्या सवयीने. भारतात थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो, तो सक्तीचा, आणि त्यात एखाद्याचा जीव गेला किंवा शरीराला इजा झाली तर विमा कंपनीने किती द्यायचं याला वरची मर्यादा नाही, ट्रिब्युनल ठरवेल ती रक्कम. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे, पण माणसाच्या इजेला नाही. म्हणजे ठोकणाऱ्याकडे साधा थर्ड पार्टी असला तरी रक्कम पुरेल का हा प्रश्न निदान कागदावर तरी येत नाही (मिळायला किती वर्षं लागतात तो वेगळा विषय, त्यात आज नको शिरायला). आपण हेच डोक्यात घेऊन इथे येतो. की समोरच्याची चूक असेल तर समोरच्याची कंपनी देईल ना, मला काय करायचंय.

इथे तसं नाहीये. इथे समोरच्याची कंपनी त्याने जेवढं लिमिट विकत घेतलंय तेवढंच देते, त्यावर एक डॉलर नाही. आणि ते लिमिट राज्याने ठरवून दिलेलं किमान असेल तर ते इतकं तुटपुंजं असतं की हसावं की रडावं कळत नाही. कॅलिफोर्नियात 1967 पासून ते थेट 2024 संपेपर्यंत किमान होतं 15/30/5, म्हणजे एका जखमी माणसासाठी 15 हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून 30 हजार आणि गाड्या वगैरे नुकसानीला 5 हजार. 1967 मध्ये ठरलेला आकडा! तेव्हापासून हॉस्पिटलं कुठल्या कुठे गेली आणि हा आकडा तिथेच. 1 जानेवारी 2025 पासून तो 30/60/15 झाला. टेक्सासमध्ये 30/60/25 आहे. व्हर्जिनियाने 2025 पासून 50/100/25 केलंय, नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी 1 जुलैपासून 50/100/50. फ्लोरिडाचं तर आणखी विचित्र, तिथे दुसऱ्याच्या शरीराला झालेल्या इजेसाठीचा लायबिलिटी इन्शुरन्स बहुतेक ड्रायव्हरांना गाडी रजिस्टर करताना सक्तीचाच नाही, स्वतःच्या उपचारासाठी 10 हजारांचं पीआयपी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी 10 हजार, एवढ्यावर गाडी रस्त्यावर येते, कायदेशीरपणे.

हे झालं ज्यांच्याकडे इन्शुरन्स आहे त्यांचं.

ज्यांच्याकडे नाहीच आहे ते किती? इन्शुरन्स रिसर्च काउन्सिल नावाची संस्था दर काही वर्षांनी याचा अंदाज काढते. 2019 साली त्यांच्या हिशोबाने देशभरात 12.6 टक्के ड्रायव्हर बिनविम्याचे होते, मिसिसिपीत 29.4 टक्के आणि न्यू जर्सीत सगळ्यात कमी, 3.1 टक्के. 2022 पर्यंत देशाचा आकडा 14 टक्क्यांवर गेला. म्हणजे ढोबळमानाने सातातला एक. पुढच्या वेळी सिग्नलला उभे राहाल तेव्हा आजूबाजूच्या गाड्या मोजून बघा, मजा म्हणून.

आता कुणी म्हणेल की इन्शुरन्स सक्तीचा आहे, पोलीस पकडतात, मग एवढे लोक बिनविम्याचे फिरतात कसे. पहिली गोष्ट म्हणजे न्यू हॅम्पशायरमध्ये तो आजही सरसकट सक्तीचा नाही, आणि व्हर्जिनियात तर 30 जून 2024 पर्यंत वर्षाला 500 डॉलर फी भरली की विम्याशिवाय गाडी चालवायची मुभा होती (त्या 500 डॉलरमध्ये कुठलंही कव्हर मिळत नव्हतं हं, नुसती परवानगी). पण खरी गंमत इतर राज्यांत आहे. आमच्या ओळखीतल्या एकाला लाल सिग्नलला उभा असताना मागून ठोकलं. ठोकणारा माणूस चांगला होता बिचारा, लगेच उतरला, सॉरी म्हणाला, ग्लोव्ह बॉक्समधून इन्शुरन्सचं कार्ड काढून दिलं. कार्डावर नाव बरोबर, गाडीचा व्हीआयएन (ओळख नंबर) बरोबर, तारीख अजून दोन महिने पुढची. आमच्या माणसाने फोटो काढला आणि निश्चिंत झाला. नंतर क्लेम टाकायला फोन केला तर समोरची कंपनी म्हणे ही पॉलिसी हप्ता न भरल्याने कधीचीच कॅन्सल झालीये. कार्ड छापलं जातं आख्ख्या सहा महिन्यांचं आणि पैसे भरायचे महिन्या-महिन्याला, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात हप्ता चुकवला तरी कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्ये बसून सहा महिने खरंच दिसत राहतं. कार्ड बघून काही कळत नाही, एवढंच.

आणि बिनविम्याचा म्हणजे फक्त पॉलिसी नसलेलाच असंही नाही. गाडी चोरीची असेल, किंवा घरातल्या ज्या पोराला पॉलिसीतून नाव घेऊन वगळलंय तोच चालवत असेल, किंवा माणूस खाजगी पॉलिसीवर पैसे घेऊन पार्सलं पोचवत असेल आणि कंपनीने त्या कारणावरून हात वर केले, किंवा ठोकून पळूनच गेला असेल, या सगळ्यात तुमच्या दृष्टीने निकाल एकच, समोरून पैसे येणार नाहीत. त्याच्यावर केस करायची म्हणाल तर कराल, जिंकालही, पण ज्याला महिन्याचा हप्ता भरता आला नाही त्याच्याकडून तुम्ही काय वसूल करणार. वकील लोकही अशी केस घ्यायला तयार होत नाहीत, कारण त्यांचा हिस्सा वसुलीतून येतो आणि वसुलीच नाही.

इथे ती टिक येते. अनइन्शुर्ड मोटरिस्ट, थोडक्यात यूएम. ज्याने ठोकलं त्याच्याकडे विमा नाही, तर त्याच्या कंपनीने जे दिलं असतं ते तुमची कंपनी तुम्हाला देते, तुम्ही घेतलेल्या लिमिटपर्यंत. हॉस्पिटलचं बिल, बुडालेला पगार, पुढचे उपचार, आणि वेदना-त्रास म्हणून जे इथे मोजतात ते पण. त्याचं जुळं भावंड म्हणजे अंडरइन्शुर्ड मोटरिस्ट, यूआयएम, विमा आहे पण पुरत नाही त्यासाठी. काही राज्यांत दोन्ही एकत्रच मिळतात, काहींत वेगवेगळे निवडावे लागतात. माझ्या मते यूआयएम जास्त कामाला येतं, कारण किमान लिमिटवाले रस्त्यावर भरपूर आहेत आणि एक रात्र हॉस्पिटलात काढून एखादी सर्जरी झाली की 30 हजार कुठे गेले ते कळतही नाही.

जाता जाता, हे यूएम सक्तीचं करणारं पहिलं राज्य न्यू हॅम्पशायरच, 1957 साली. म्हणजे तिथे विमा घ्यायची सक्ती नाही पण घेतलात तर त्यात यूएम हवंच. विचार केला तर त्यांचं बरोबरच आहे.

आता आकड्यांत बघू. समजा तुम्हाला एकाने ठोकलं, चूक शंभर टक्के त्याची, तुमचं एकूण नुकसान (बिलं, पगार, सगळं) निघालं दीड लाख डॉलर. त्याच्याकडे 30/60. त्याच्या कंपनीने 30 हजारांचा चेक दिला आणि फाइल बंद केली. उरले एक लाख वीस हजार. तुमचं यूआयएम शून्य असेल तर विषय संपला. तुमचं यूआयएम एक लाखाचं असेल तर? इथे बहुतेक लोक म्हणतात की मग एक लाख मिळतील. काही राज्यांत मिळतील. पण कॅलिफोर्नियात नाही, तिथे तुमच्या लिमिटमधून समोरच्याने दिलेले वजा होतात, म्हणजे एक लाख वजा तीस हजार, मिळाले सत्तर. आणि तुमचं यूआयएम पण 30 हजारांचंच असेल तर तीस वजा तीस, शून्य! म्हणजे तुम्ही इतकी वर्षं त्या कव्हरचा प्रीमियम भरताय आणि किमान विमा असलेल्याने ठोकलं तर त्याचा उपयोग काहीच नाही. हे मला जेव्हा पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी कॅलिफोर्नियातल्या चार मित्रांना त्याच रात्री फोन करून त्यांची पॉलिसी उघडायला लावली होती, दोघं वैतागले.

जॉर्जियात हे तुम्हाला निवडता येतं. तिथल्या फॉर्मवर दोन पर्याय असतात, एकात तुमची रक्कम समोरच्याच्या रकमेवर वरून मिळते आणि दुसऱ्यात वजा होऊन. दुसरा थोडा स्वस्त असतो. अटलांटाच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे एकदा बघाच, एजंटने घाईत काय टिक केलंय ते. पेनसिल्व्हेनियात वेगळाच प्रकार, तिथे 'स्टॅकिंग' असतं, म्हणजे घरात दोन गाड्या आणि प्रत्येकीवर 50 हजारांचं यूएम असेल तर दोन्ही रचून एक लाख धरता येतात, पण ते नको अशी सही करून दिली की प्रीमियम कमी होतो, आणि ती सही लोक डोळे मिटून करतात कारण ऑनलाइन सहीत सगळं एकाच क्लिकवर होतं. न्यूयॉर्कमध्ये सक्तीचं यूएम 25/50 चं मिळतंच पण अंडरइन्शुर्डचा भाग 'एसयूएम' नावाने येतो, तिथे तो शब्द शोधायचा. वीसेक राज्यांत यूएम सक्तीचं आहे, बाकीच्यांपैकी बऱ्याच राज्यांत कंपनीने ते देऊ करायलाच लागतं आणि नको असेल तर तुमची लेखी सही लागते. म्हणजे ज्यांच्याकडे नाहीये त्यातल्या बऱ्याच जणांनी कुठेतरी 'मला नको' म्हणून सही केलेली आहे, त्यांना आठवत नाही इतकंच.

मग किती घ्यायचं. माझा हिशोब सोपा आहे, लायबिलिटी जेवढी तेवढंच यूएम आणि यूआयएम, त्यापेक्षा कमी नाही. बहुतेक ठिकाणी त्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, म्हणून आधी लायबिलिटी वर न्यायला लागते. मी 250/500 घेतलंय, एका माणसाला अडीच लाख, एका अपघातात सगळ्यांना मिळून पाच लाख. 100/300 च्या खाली मी कुणालाच सांगणार नाही, आणि घरात चार जण एकाच गाडीतून फिरत असतील तर तो दुसरा आकडा नीट बघा, 30/60 मध्ये चौघांना मिळून साठ हजार आहेत, माणशी पंधरा. लोक काय करतात, लायबिलिटी 100/300 घेतात, कारण कुणी केस केली तर काय ही भीती असते, आणि यूएम ठेवतात 30/60. म्हणजे परक्या माणसाला लागलं तर एक लाख आणि स्वतःच्या बायकोला लागलं तर तीस हजार. हे असं मांडलं की पटतं लगेच.

"पण माझा कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे की" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय. चांगला आहे ना, छानच आहे, पण त्याचा डिडक्टिबल आहे (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम), आउट-ऑफ-पॉकेट म्हणजे आपल्या खिशातून जाणारा हिस्सा आहे, आणि तो फक्त उपचाराचे पैसे देतो. तीन महिने काम करता आलं नाही तर पगार देत नाही. हात पूर्वीसारखा वर जात नाही याचे पैसे देत नाही. आणि त्या दुखण्यामुळे नोकरीच गेली तर तो हेल्थ इन्शुरन्सही नोकरीबरोबर जातो, एच-वन-बीवाल्यांना तर नोकरी गेल्यावर इन्शुरन्स ही दुसऱ्या नंबरची काळजी असते. शिवाय एक बारीक गोष्ट, मोठ्या कंपन्यांचे जे स्वतः पैसे घालून चालवलेले हेल्थ प्लॅन असतात ते अपघाताच्या सेटलमेंटमधून आपण केलेला खर्च परत मागू शकतात. म्हणजे समोरच्याचे 30 हजार आले आणि त्यातले बरेचसे हेल्थ प्लॅन घेऊन गेला असंही होतं. लिमिट मोठं असेल तर निदान वाटून घ्यायला काहीतरी उरतं.

आता आई-बाबांचं. हा मुद्दा इथले गोरे एजंट तुम्हाला कधीच सांगणार नाहीत कारण त्यांच्या डोक्यातच येत नाही. उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात, सहा महिने राहतात, आपण त्यांना गाडीत घालून नायगरा काय, येलोस्टोन काय, सगळीकडे फिरवतो. त्यांच्याकडे मेडिकेअर (इथल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, कंपनीचा इन्शुरन्स नाही, असतो तो व्हिजिटर इन्शुरन्स, आणि स्वस्तातले व्हिजिटर प्लॅन बरेचदा ठरावीक रकमेचे असतात, एक्सरेला इतके, सर्जरीला इतके, बाकी तुमचं तुम्ही. अशा वेळी बिनविम्याच्या माणसाने ठोकलं तर तुमच्या गाडीत बसलेले प्रवासी म्हणून ते तुमच्या यूएममध्ये येतात. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं हे सांगायला नको. त्यासोबत 'मेड-पे' म्हणून एक छोटं कव्हर असतं, चूक कुणाचीही असो, गाडीतल्या लोकांच्या उपचाराला ठरावीक रक्कम लगेच मिळते, पाच-दहा हजारांचं घेऊन ठेवावं, महाग नसतं.

पण यात एक खाच आहे. यूएम तुम्हाला पायी चालताना किंवा सायकलवर असतानाही लागू होतं, गाडीत असायलाच हवं असं नाही, आणि घरात राहणाऱ्या नातेवाइकांनाही लागू होतं. 'घरात राहणाऱ्या' म्हणजे कोण, यावर मात्र पॉलिसीत व्याख्या असते. ज्यांचं कायमचं घर भारतात आहे आणि जे व्हिजिटर व्हिसावर आलेत ते इथले रहिवासी धरायचे की नाही यावर कंपनी वाद घालू शकते. बाबा संध्याकाळी सबडिव्हिजनमध्ये फेरी मारायला जातात, सोबत कुणी नसतं, फुटपाथ असतोच असं नाही, तिथे कुणी उडवून गेला तर गाडीत असताना होतं तेवढं संरक्षण धरून चालू नका. म्हणून व्हिजिटर इन्शुरन्स तरी धड, कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकारातला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पळून जाणाऱ्यांबद्दल पण थोडं, कारण इथे नियम फार चावट आहेत. कॅलिफोर्नियात हिट-अँड-रनचा यूएम क्लेम करायचा तर त्या गाडीचा तुम्हाला किंवा तुमच्या गाडीला प्रत्यक्ष स्पर्श झालेला हवा. कुणीतरी अचानक लेनमध्ये घुसला, तुम्ही वाचवायला स्टीअरिंग फिरवलं आणि कठड्यावर आदळलात, तो निघून गेला, तर स्पर्श नाही म्हणून यूएम नाही. आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांत रिपोर्ट हवा. न्यूयॉर्कमध्येही स्पर्शाची अट आहे. काही राज्यांत स्पर्श नसला तरी चालतो पण तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा लागतो, साक्षीदार वगैरे, आणि म्हणून मी डॅशकॅम लावलाय. आपल्या लोकांची सवय असते की जाऊ दे, पोलीस कशाला, मिटवून टाकू. समोरचाही तेच म्हणतो, "पोलिसांना नको बोलावू, मी कॅश देतो". जो हे म्हणतो त्याच्याकडे इन्शुरन्स नसण्याची शक्यता किती आहे तुम्हीच ठरवा. 911 लावा, रिपोर्ट घ्या, कार्डाचा फोटो घ्याच पण नंबर प्लेटचा पण घ्या, आणि मान दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आठवडाभराने गेलात की तो आठवडा तुमच्या विरोधात वापरला जातो.

विरोधात कोण वापरणार? तुमचीच कंपनी. हे लोकांना पचत नाही. यूएमच्या क्लेममध्ये तुमची कंपनी त्या ठोकणाऱ्याच्या जागी उभी राहते, त्यामुळे तुमची चूक थोडी होती का, दुखणं जुनं होतं का, एवढी फिजिओथेरपी लागत होती का, हे सगळं तीच विचारते. दर महिन्याला हसरे ईमेल पाठवणारी कंपनी अचानक वकिली भाषेत बोलायला लागते. कॅलिफोर्नियात असा वाद सुटला नाही तर तो लवादाकडे जातो, कोर्टात ज्युरीसमोर नाही. आणि यूआयएम वापरायचं असेल तर समोरच्या कंपनीचा चेक घेऊन रिलीजवर (आता आणखी काही मागणार नाही अशा कागदावर) सही करण्याआधी आपल्या कंपनीची लेखी परवानगी घ्यायची अट बऱ्याच पॉलिसींत असते, न विचारता सही केली तर पुढचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या कंपनीचा माणूस मात्र गोड बोलून पहिल्या आठवड्यातच सही मागत असतो. लागलेलं जास्त असेल तर वकील घ्या, इथे लाजण्यासारखं काही नाही.

गाडीच्या नुकसानीचं मी मुद्दामच शेवटी ठेवलंय कारण गाडी परत घेता येते. कोलिजन कव्हर असेल तर बिनविम्याच्याने ठोकलं तरी गाडी दुरुस्त होते, फक्त डिडक्टिबल तुमचा जातो, कंपनीने समोरच्याकडून वसूल केलं तर परत मिळतो, आणि बिनविम्याच्याकडून ती कितपत करणार. जुन्या गाडीवर कोलिजन ठेवलं नसेल तर यूएमपीडी म्हणून, म्हणजे यूएमचंच गाडीच्या नुकसानीसाठीचं कव्हर मिळतं, सगळ्या राज्यांत नाही. टेक्सासमध्ये त्याला 250 डॉलरचा डिडक्टिबल असतो. कॅलिफोर्नियात ते फक्त 3,500 डॉलरपर्यंत आहे आणि ठोकणारा किंवा त्याची गाडी ओळखता आली पाहिजे, पळून गेलेल्यासाठी नाही. तिथे कोलिजन असेल तर त्याऐवजी डिडक्टिबल माफ करणारं छोटं कव्हर मिळतं, ते घ्यावं.

भाड्याच्या गाडीबद्दल लोक विचारतात. क्रेडिट कार्डाचं जे कव्हर असतं ते त्या गाडीचं, तुमचं नाही. तुमचं यूएम साधारणपणे तुमच्यासोबत भाड्याच्या गाडीतही येतं. ज्यांच्याकडे स्वतःची गाडीच नाही आणि नेहमी भाड्याने घेतात त्यांनी नॉन-ओनर पॉलिसी मिळते का आणि त्यात यूएम घालता येतं का हे बघावं.

किंमत? प्रत्येकाचं वेगळं, झिपकोडवर, वयावर, रेकॉर्डवर. माझ्या पॉलिसीत 30/60 वरून 250/500 वर नेलं तेव्हा यूएमचा सहा महिन्यांचा फरक आम्हा दोघांच्या एका बाहेरच्या जेवणाएवढा निघाला. तुमचा जास्त निघेल कदाचित. पण वेबसाइटवर सगळी पॅकेजं बदलत बसू नका, त्यात बाकीचे दहा आकडे हलतात आणि काही कळत नाही. फक्त ती एक ओळ बदला आणि उजवीकडची बेरीज बघा. डिडक्टिबल 500 चा 1,000 केला तर बरेचदा त्यातूनच हा खर्च निघतो, आणि 500 डॉलर जास्त जाणं हे आपल्यापैकी बहुतेकांना झेपतं, लाखभर डॉलर झेपत नाहीत.

बघायचं कुठे, तर पॉलिसीचं पहिलं किंवा दुसरं पान, 'डिक्लरेशन्स' नावाचं, ॲपमध्ये डॉक्युमेंट्समध्ये पीडीएफ असते. प्रत्येक गाडीसमोर कव्हर, लिमिट, प्रीमियम अशा ओळी असतात. तिथे यूएमची ओळ शोधा. 'रिजेक्टेड' लिहिलेलं असेल तर तुमच्या सहीने काढलंय. लिमिट मध्येच केव्हाही वाढवता येतं, रिन्यूअलपर्यंत थांबायची गरज नसते, चॅटवर पाच मिनिटांचं काम आहे. अर्थात अपघात झाल्यावर वाढवून त्या अपघाताला उपयोग नाही. आणि कॅलिफोर्नियात तुमची चूक नसलेल्या अपघातामुळे प्रीमियम वाढवायला बंदी आहे, सगळीकडे असं नाही, पण तिथले लोकसुद्धा रेट वाढेल म्हणून यूएम क्लेम करायला घाबरतात, त्यांनी घाबरू नये.

हो आणि स्वतःचा इन्शुरन्स लॅप्स होऊ देऊ नका, हे वेगळं सांगायला नको पण कॅलिफोर्नियात 1996 पासून प्रपोझिशन 213 नावाचा कायदा आहे, त्यात तुमच्याच गाडीचा विमा नसेल तर चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी वेदना-त्रासाचे पैसे तुम्हाला मागता येत नाहीत, फक्त बिलं आणि पगार. भारतात महिनाभर जाऊन येताना ऑटो-पेचं कार्ड एक्स्पायर झालं आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी काढली, असं व्हायला वेळ लागत नाही.

अंब्रेला पॉलिसीचं राहिलं. ज्यांनी घर घेतलंय त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे दहा लाखांची अंब्रेला असते आणि त्यांना वाटतं झालं, सगळं झाकलं. अंब्रेला ही साधारणपणे लायबिलिटीच्या वरचं जादा कव्हर असते, म्हणजे परत तेच, तुम्ही दुसऱ्याला ठोकलं तर. बिनविम्याच्याने तुम्हाला ठोकलं तर तिचा उपयोग नाही, त्यात यूएमचं वेगळं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा तरतूद) विकत घेतलेलं असल्याशिवाय, आणि ते सगळ्या कंपन्या देत नाहीत. मी आमच्या एजंटला विचारलं तर तो आधी म्हणाला अंब्रेलात सगळंच येतं, मग म्हटलं लेखी दे, तर दोन दिवसांनी ईमेल आला की आमच्याकडे ते मिळत नाही. म्हणून या रिन्यूअलला दोन-तीन ठिकाणी फक्त तेवढ्यासाठी कोट मागवलेत, एकाचं उत्तर आलंय, देतो म्हणतायत पण त्यासाठी गाडीची पॉलिसीही त्यांच्याकडेच हलवायला लागेल. बघू, बायकोचं म्हणणं आहे हलवून टाक.